पथारीवरच्या रेघा

कॉलेजात मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो आणि उरलेल्या वेळात त्याच प्रोग्रामिंगने चित्रं काढतो. यातलं दुसरं पूर्वी मी न विचारताही सांगायचो. आता कुणी विचारलंच तर सांगतो. असं का झालं ते एकदा लिहून टाकायचं बरेच दिवस मनात आहे. याआधी दोनदा लिहायला बसलो, पण दोन्ही वेळा स्वतःची बाजू सावरूनच लिहिलं गेलं, म्हणून ते कागद फाडले.

माझा हात चित्रकलेचा नाही. धानोऱ्याच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला माझी सरळ रेघसुद्धा नांगराच्या तासासारखी वाकडी जायची आणि सर वही वर धरून वर्गाला दाखवायचे. नंतर शिकायला नाशिकला गेलो. तिथल्या लॅबमध्ये एकदा सात-आठ ओळींचा प्रोग्राम लिहिला. एक ठिपका घ्यायचा, तो थोडा पुढे सरकवायचा, थोडा वळवायचा आणि हेच हजार वेळा करायचं. पडद्यावर शंखासारखं काहीतरी उमललं. मी त्या खुर्चीत किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. हाताने आयुष्यात जमली नसती अशी रेघ मी काढली होती.

ते छापून घरी आणलं, तर वडिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि आमच्या अहिराणीत विचारलं,

"हाई कोणी काढं?"

"मी."

"तू नही. कॉम्प्युटरनी काढं."

पुढची पंधरा वर्षं हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. सगळ्यात जास्त ऐकलं ते दाजींकडून, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडून. दाजी नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी आहेत. माणूस वाईट नाही. वडील आजारी होते तेव्हा सुरतच्या दवाखान्यात तेच दहा दिवस बसून होते. पण त्यांच्या लेखी काम म्हणजे ज्यातून माल इकडचा तिकडे जातो ते. चारचौघांत माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "हे आमचे शालक. कॉलेजात मास्तर आहेत आणि कॉम्प्युटरवर रांगोळी काढतात." लोक हसायचे. मीही हसायचो आणि घरी आल्यावर त्याच वाक्याला मनातल्या मनात उत्तरं देत बसायचो.

दाजींची पथारी शहराबाहेर आहे. मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. हिवाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, नजर जाईल तिथवर लाल. दहाबारा बाया दिवसभर तिथे मिरची पसरतात, उलटतात, पांढरी पडलेली वेचून बाजूला काढतात. तोंडाला फडकं, साडीवर पुरुषी फुल शर्ट, हातात मोजे नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या. जवळून गेलं तरी आपल्याला शिंका येतात, त्या मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ताईचा डबा द्यायला म्हणून पथारीवर गेलो होतो. दाजी फोनवर होते, म्हणून गोदामाच्या गच्चीवर चढलो. वरून पाहिलं तर त्या बाया म्हणजे लाल कागदावर हळूहळू सरकणारे रंगीत ठिपके. माझ्या डोक्यात एकदम आलं, हे ठिपके जिथून जिथून जातात तिथे रेघ उमटली तर? एका सकाळची सगळी वाट एका चित्रात आली तर?

दाजींना विचारलं. ते म्हणाले, "काढ ना, फक्त कामात आडवा येऊ नको." दुसऱ्या दिवशी मी तिपाई आणि मोबाइल घेऊन गेलो आणि गच्चीच्या कठड्याला तो नीट बांधला. खाली बायांच्या लक्षात आलं. त्यांची मुकादमीण, सडसडीत बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई, खालूनच ओरडली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

मी खाली उतरलो. "चित्र काढस. कॉलेजनं काम शे," मी सांगितलं. कॉलेजचं काम वगैरे काही नव्हतं. पण स्वतःच्या हौसेसाठी करतोय असं सांगायला लाज वाटली आणि कॉलेजचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न टळतात हेही माहीत होतं.

ढिगाजवळ बसलेली एक वयस्कर बाई मान वर करून माझ्याकडे पाहत होती. अंगात निळ्या पट्ट्यांचा पुरुषी शर्ट. फडकं खाली ओढून तिने विचारलं, "तोंड दिसी का आमनं?"

"नही मावशी. तोंड नही दिसाव. फक्त रेघा. कोणती रेघ कोणनी शे ते कोणलेच समजाव नही."

तिने फडकं पुन्हा वर ओढलं. मग म्हणाली, "मंग काढ."

हे मी बोललो होतो, माझ्या तोंडाने. कुणी लिहून घेतलं नव्हतं, कुणी शपथ घातली नव्हती. पण पुढचं सगळं ऐकताना हे वाक्य ध्यानात ठेवावं लागेल.

चार दिवस मी सकाळची चित्रफीत घेतली. मग प्रोग्राम लिहायला लागलो. वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड निघालं. प्रोग्रामला बाई कळत नाही, हलणारा रंग कळतो. दोघी एकमेकींजवळून गेल्या की एकीची रेघ उडी मारून दुसरीला चिकटायची. एक कुत्रं आलं तर त्याचीही रेघ निघाली. सुट्टीच्या दिवशी मी घरातल्यांशी न बोलता ते नीट करत बसायचो. शेवटी साड्यांच्या आणि शर्टांच्या रंगावरून एकेकीला वेगळं ओळखायचं शिकवलं, तेव्हा जमलं. ज्या ठिकाणी बाई भराभर चालली तिथे रेघ बारीक, जिथे रेंगाळली तिथे जाड आणि गडद. मागे दुसरं काही नाही. पांढऱ्या कागदावर बारा लाल रेघा.

चित्र उमटलं तेव्हा आधी मला फक्त त्याचा तोल आवडला. लांबच लांब, एकमेकींत गुंतलेल्या रेघा आणि डाव्या कोपऱ्यात एक घट्ट, काळपट लाल गाठ. गाठ का आली ते शोधायला मी पुन्हा चित्रफीत पाहिली, तेव्हा कळलं. ती निळ्या शर्टातली बाई होती. बहुतेक वेळ ती ढिगाजवळ बसून असायची. उठायची तेव्हा गुडघ्यावर हात दाबून उठायची, चार पावलं जायची आणि परत. तिच्या वाट्याच्या मिरचीच्या ओळी कोण उलटत होतं? तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी. पोपटी साडीवाली आणि दुसरी, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली. आपापली ओळ संपली की त्या वळसा घालून हिच्या ओळीत शिरायच्या, अर्धी ही, अर्धी ती, आणि पुन्हा आपल्या जागी. एकमेकींशी बोलायच्यासुद्धा नाहीत. चारही दिवस तेच. चित्रात त्या दोन रेघा गाठीभोवती अशा फिरल्या होत्या की जणू कुणी ओंजळ धरली आहे.

मला ते इतकं आवडलं की रडू आलं. हे मी सांगतो कारण तेही खरं आहे. मी ते मनापासून पाहिलं होतं. आणि तरीही पुढे जे केलं ते केलं.

त्या हिवाळ्यातच नंदुरबारला जिल्ह्यातल्या चित्रकारांचं एक छोटं प्रदर्शन भरलं. मी चित्र मोठं करून, पाच फूट लांब छापून घेतलं. बाकीचे लोक निसर्गचित्रं, देवादिकांची चित्रं, लाकडावरचं काम घेऊन आले होते. माझ्यासमोर माणसं थांबायची, डोकं तिरकं करायची आणि पुढे जायची. नाशिकहून आलेल्या एका बाईंनी मात्र बराच वेळ पाहिलं. त्या तिथे चित्रांचं दालन चालवतात. म्हणाल्या, हे आमच्याकडे पाठवा. मी हवेत होतो.

संध्याकाळी दाजी आले. सोबत ताई आणि बाजारातले दोन व्यापारी. दाजी घरात अहिराणी बोलतात, पण अशा ठिकाणी मराठी.

"हे काय?" ते म्हणाले. "गोधडी उसवल्यासारखं दिसतंय."

व्यापारी हसले. ताई म्हणाली, "असू द्या ना, त्याची आवड आहे." तिच्या त्या सांभाळून घेण्याने मला जास्त लागलं. वाटलं, आज यांना दाखवतोच.

"दाजी, ही तुमची पथारी आहे," मी म्हणालो.

"माझी? कुठे?"

"हे बघा. इथे गोदामाचं दार. ही पाण्याची टाकी, सगळ्या रेघा एकदा तरी इथे येऊन जातात. आणि ही एकेक रेघ म्हणजे एकेक बाई. सकाळी कामाला लागल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत."

दाजी पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते माझं चित्र पाहत होते, खरंच पाहत होते. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आता थांबायचं होतं. पण कुणी आपलं ऐकतंय म्हटल्यावर मी थांबणाऱ्यातला नाही.

त्यांनी कोपऱ्यातल्या गाठीवर बोट ठेवलं. "आणि हे काय झालंय?"

"ती एका जागी बसलेली आहे ना, म्हणून."

"कोण?"

"ती नाही का, निळ्या पट्ट्यांच्या शर्टातली."

सांगून टाकलं. जराही अडखळलो नाही. आणि तेवढ्यावरही राहिलो नाही. "खरी गंमत पुढे आहे," मी म्हणालो, आणि त्या दोन रेघांवरून बोट फिरवत सगळं समजावून सांगितलं. कशा त्या वळसा घेतात, कशा तिची ओळ वाटून घेतात, कसं हे रोज, न बोलता चालतं. "किती सुंदर आहे बघा!" असंही म्हणालो.

दाजी वाकून त्या दोन रेघा आणखी जवळून पाहायला लागले. मला वाटलं, हलले.

"म्हणजे हिचं काम या दोघी करतात," ते म्हणाले.

"हो!" मी म्हणालो. इतक्या आनंदाने, की तो 'हो' आजही आठवला तर कानशिलं तापतात.

त्यांनी मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला. मग माझ्या पाठीवर थाप मारून व्यापाऱ्यांना म्हणाले, "आमचा शालक हुशार आहे बरं का." रांगोळीचा उल्लेख नव्हता. त्या रात्री मला सुखाची झोप लागली.

पुढच्या रविवारी ताईने जेवायला बोलावलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. दाजी खुशीत होते.

"तुना चित्रनी मन्हा डोळा उघाडात," ते म्हणाले. "त्या बाईले मी बंद करी टाकं. दोन सालफाई बठी बठी मजुरी ली ऱ्हायंती आन् माले पत्ताच नही."

माझा घास हातात राहिला.

"आते तू एक काम कर," दाजी पुढे म्हणाले. "तुन्हा तो प्रोग्राम माले लायी दे. रोजना रोज माले समजाले पायजे, कोन कितलं फिरनी. त्या दोन्हीस्लेबी मी सांगी ठेयेल शे, परत असं दिसनं ते तुमनीबी सुट्टी."

ताईने माझ्या ताटात भरीत वाढलं. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. हातातली भाकरी ठेवून म्हणायला हवं होतं, दाजी, त्या बाईला परत बोलवा, मी त्यांना शब्द दिला होता. त्याऐवजी मी म्हणालो, "पाहतो. त्याला जरा वेळ लागेल." ताईचं घर, दाजींचं तोंड, वडिलांच्या आजारपणातले त्यांचे ते दहा दिवस, सगळं एकदम आठवलं. कारणं शोधायला माणसाला वेळ लागत नाही. मग भरीत चांगलं झालंय असं म्हणालो आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

तीनचार दिवस मी पथारीकडे फिरकलो नाही. मग गेलो. ढिगाजवळची जागा रिकामी होती. पोपटी साडीवाली या टोकाला, पिवळ्या रुमालवाली त्या टोकाला, दाजींनी दोघींना लांब लांब लावलं होतं. मला पाहून कुणी काही बोललं नाही. नेहमी एखादी तरी "ये भाऊ" म्हणायची. मुकादमीण मात्र हातातलं काम टाकून सरळ माझ्यासमोर आली.

"चित्र काढस म्हने," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, नेहमीपेक्षा लहानच होता. "हाई चित्र शे का? हाई ते चुगली शे."

"मी मुद्दाम नही सांगं. माले वाटनं..."

"तुले काय वाटनं ते तुनाजोडे ठेव. तिना गुडघा गयेल शे, हाई आमले सर्व्यास्ले माहीत व्हतं. मालेबी माहीत व्हतं. मी मुकादमीन शे, मी नही बोलनू. तू कसाले बोलना?"

माहीत नसलेली गोष्ट मी उघड केली असं मी समजत होतो. खरं तर ती सगळ्यांना माहीत होती, फक्त ज्याला कळू नये त्याला माहीत नव्हती. मी निळ्या शर्टातल्या बाईचा पत्ता विचारला. मुकादमीण द्यायला तयार नव्हती. शेवटी पिवळ्या रुमालवालीनेच दुरून सांगितलं, काम गेल्यावर ती शहरातल्या लेकीकडून आपल्या पाड्यावर गेली, चिंचपाड्याच्या पुढे.

मी पॅसेंजरने चिंचपाड्याला उतरलो आणि विचारत विचारत चाललो. स्टेशनपासून तासभर. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. वर्गात बोलायचं असलं की जसे मुद्दे काढतो तसे मुद्दे काढत होतो, एवढा मी निर्ढावलेला.

ती अंगणात तूर बडवत बसली होती. शर्ट तोच. घरात दोन नाती होत्या, त्यांच्याशी ती कोकणीत, म्हणजे इकडच्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, बोलत होती, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला पाहून तिने बोलणं बदललं, बाजारात बोलते तसं बोलायला लागली. नातीला पाणी आणायला सांगितलं. मला बसायला पोतं दिलं.

मी म्हणालो, "मावशी, मन्ही चूक व्हयनी."

ती तूर बडवत राहिली. मग म्हणाली, "दखाड."

"काय?"

"ते चित्र. ज्यामा मी शे."

मी मोबाइलवर चित्र काढून दिलं. तिने पडद्याला बोट लावायच्या आधी हात पदराला पुसले. मी काही सांगायच्या आतच तिचं बोट एका रेघेवर गेलं. "हाई ती," तिने पोपटी साडीवालीचं नाव घेतलं. "ती अशीच चालस, टाकीवरतीन फिरीसन. आन् हाई दुसरी. देख, कशी धावी ऱ्हायनी." ती हसली. ज्या वेगळ्या ओळखायला मला एवढी डोकेफोड करावी लागली होती त्या रेघा तिने एका नजरेत ओळखल्या, जसं आपण दारातल्या पावलांवरून माणूस ओळखतो. नाती येऊन तिच्या खांद्यावरून पाहायला लागल्या. तिने त्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, त्याही हसल्या. काही क्षण मला वाटलं, सगळं निभावलं.

मग तिचं बोट कोपऱ्यातल्या गाठीशी आलं आणि थांबलं.

"हाई मी?"

"हो."

"तू सांगं व्हतं, तोंड दिसाव नही."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तोंड नही दिसत ना मावशी." मी इतक्या लांब माफी मागायला गेलो होतो आणि पहिल्याच प्रश्नाला वकिलासारखा बोललो. शब्द बाहेर पडल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली.

"तोंड नही दिसत," ती शांतपणे म्हणाली. "पन माले वळखं ना त्यानी."

तिने मोबाइल परत दिला. मी तो खिशात ठेवला. मग म्हणालो की मी दाजींशी बोलतो, तिला परत लावायला सांगतो. तिने मान हलवली. "मन्हं जाऊ दे. मन्हा गुडघा तसाबी चालत नही. त्या दोन्हीस्नं काम जावाले नको. एक ते एकलीच शे, तिले कोन शे? तेवढं कर." मग जरा थांबून म्हणाली, "करशी ना? का नुसतं सांगशी?"

"करस," मी म्हणालो.

निघताना तिने पोरींकडून तुरीच्या शेंगा एका पिशवीत भरून दिल्या. मी नको म्हणालो. ती म्हणाली, घरी आलेल्याला असं पाठवत नाहीत. ती पिशवी हातात घेऊन स्टेशनपर्यंत चालताना जेवढं खजील वाटलं तेवढं मुकादमिणीच्या बोलण्यानेही वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. दाजी सोफ्यावर होते, ताई समोर भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "दाजी, ते चित्र चुकीचं आहे."

"म्हणजे?"

"प्रोग्राम चुकला होता. दोन बाया जवळून गेल्या की एकीची रेघ दुसरीला चिकटते. मी आता पुन्हा तपासलं. त्या दोघी तिच्या ओळीत जातच नव्हत्या. ते उड्या मारणं यंत्राचं आहे. त्या दोघींचा काही दोष नाही. आणि तिचीही ती गाठ नीट नाही."

दाजी माझ्याकडे पाहत राहिले. "मंग पाच फूटनं खोटं टांगं व्हतं तू तठे? सर्वा गावले दखाडं?"

"हो."

ते हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून. "आय हाय! आन् मी व्यापारीस्ले सांगी ऱ्हायंतू, शालक हुशार शे!" ताई हसली नाही. भाजी निवडता निवडता तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मला वाटतं तिला कळलं.

"ती बाई?" मी विचारलं.

"तिनी जागावर दुसरी लायी दिधी," दाजी म्हणाले. "आते तिले कोठे बलावू?"

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. दोघींचं काम राहिलं, प्रोग्राम मागायचं दाजींनी सोडून दिलं, एवढ्यावर मी गप्प बसलो. खरं बोलून जे करायचं धाडस झालं नाही ते खोटं बोलून अर्धंच केलं. आणि त्या खोट्यातही माझी थोडी सोय होती. दाजींशी भांडण झालं नाही.

नाशिकच्या बाईंचा दोनदा फोन आला. मी चित्र पाठवू शकत नव्हतो आणि न पाठवायची हिंमतही नव्हती. शेवटी प्रोग्राम उघडला आणि बदलला. कोपऱ्यातली गाठ सोडवून तिची लांब, सरळ रेघ केली. दोन्ही वळसे काढून टाकले. बाराच्या बारा रेघा सारख्या, शिस्तीत, एकीला एक समांतर. दहा मिनिटांचं काम होतं. नाशिकला ते चित्र लोकांना फार आवडलं. एका गृहस्थाने विचारलं, हे काय दाखवलंय? मी म्हणालो, मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बाया. "वा, काय लय आहे!" ते म्हणाले. मी आभार मानले.

पहिलं चित्र अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. कितीदा पुसायला घेतलं, पुसलं नाही. मी केलेल्यांतलं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे, हे मला माहीत आहे, आणि एवढं सगळं झाल्यावरही मला ते माहीत असावं याचीच मला जास्त लाज वाटते.

यंदाच्या हंगामात दाजींनी पथारीवर कॅमेरे बसवले. सुरतचा माणूस येऊन बसवून गेला, माझ्याशी त्याचा काही संबंध नाही. मी मनाला सांगून पाहिलं की हे माझ्यावाचूनही झालंच असतं. कदाचित झालं असतं. परवा बाजारात मुकादमीण भेटली. आता ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाते. मी निळ्या शर्टाच्या मावशीबद्दल विचारलं. "पाड्यावरच शे," ती म्हणाली, "आते येत नही." गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, तसाच आहे. आणखी काही विचारायचं होतं, पण तिची रिक्षा भरली होती, रिक्षावाला हाका मारत होता. ती चढून बसली आणि रिक्षा निघून गेली.